सोलर पॅनेलच्या प्रकारांची उघड्यावरची तुलना
पॅनेलवर पडलेल्या उन्हातली किती टक्के ऊर्जा वीज होऊन निघते, ती त्याची कार्यक्षमता. स्टिकरवरचा आकडा लॅबमधला असतो, चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश धरून काढलेला, आणि इकडं सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात, माण, आटपाडी, जतला एप्रिलच्या दुपारी पॅनेल सहज ६० अंशांवर जातं, त्यामुळं हिशोब बदलतो.

जुनी निळी पॉली (बहुस्फटिक सिलिकॉनची) साधारण १५ ते १७ टक्के, मोनो पर्क (एकस्फटिक सिलिकॉनची) २० ते २१, तिच्या पुढची नवी जात टॉपकॉन २२ च्या आसपास. पण टक्के जास्त म्हणजे वीज जास्त असं नाही, १ किलोवॅट पॉली आणि १ किलोवॅट टॉपकॉन लॅबमध्ये सारखंच देतात, पॉलीला फक्त जागा जास्त लागते. रानात विहिरीशेजारी पडीक जागा असेल तर टक्क्यांचं कौतुक कशाला, मिरजेतल्या छोट्या स्लॅबवर मात्र ते कामाचं.

खरा फरक पडतो तापल्यावर. २५ च्या वर दर अंशाला पॉलीची वीज साधारण ०.४ टक्के घटते, पर्कची ०.३५, टॉपकॉनची ०.३, आणि हेटेरोजंक्शन या आणखी एका नव्या जातीची ०.२५ च्या जवळपास. म्हणजे ६५ अंशांवर पॉलीचे १६ टक्के गेले तर टॉपकॉनचे १२. अर्थात पत्र्याला चिकटवून बसवलेलं भारी पॅनेलसुद्धा खालून वारा न लागल्यानं जास्त तापतं, त्यापेक्षा उंच स्टँडवरचं साधं बरं. पावसाळ्यात महाबळेश्वर-पाटणकडं ढगाखाली पॅनेल थंडच असतं, तिथं हा फायदा जवळपास संपतो.

तुलना करायची तर दोन्हीकडं दक्षिणेला तोंड, १७ अंशांच्या आसपास उतार, सावली नाही, आणि धुणं एकाच दिवशी, कारण साखर कारखान्याच्या हंगामात काजळी बसलेलं एक आणि पुसलेलं एक असं शेजारी ठेवून निकाल काढणं निव्वळ फसवाफसवी. मग वर्षाची युनिटं भागिले किलोवॅट, हा आकडा दोन्हीकडचा ताडायचा. सोलर पंपावरून हे जमत नाही, टाकी भरली की पंप बंद आणि तेवढी वीज वायाच. घरच्या ऑनग्रिडलाही, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनीला जोडलेल्या सोलरलाही, एक मेख आहे, लाईट गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, म्हणून ज्या फीडरवर (सबस्टेशनवरून गावाला येणाऱ्या लाईनीवर) दुपारी जास्त लाईट जाते तिथलं चांगलं पॅनेलही कागदावर मागं पडतं.