कोकणच्या कथासृष्टीतील व्यक्तिरेखा व नातेसंबंध

दापोली-खेडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीवर घडणाऱ्या मराठी कादंबऱ्या व चित्रपट यांतील पात्रे आणि त्यांचे परस्परसंबंध. या पात्रांचे वैशिष्ट्य असे, की त्यांचे कोणतेही नाते दोघांपुरते राहत नाही. प्रेम, वैर किंवा मैत्री असो, गाव त्यात तिसऱ्या पक्षासारखा हजर असतो. खोत (गावाचा सारा वसूल करणारा वतनदार) आणि त्याची जमीन कसणारे कूळ यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध, भाऊबंदकी, देवस्थानचे मानपान आणि वाळीत टाकण्याची धास्ती यांनी या माणसांची घडण होते. खोतीची पद्धत 1949 च्या कायद्याने संपुष्टात आली. साहित्यातला खोत मात्र त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिला.

या परंपरेतील सर्वांत ठसठशीत जोडी श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ (1952) या कादंबरीतील बापू आणि राधा यांची होय. अण्णा खोतांच्या घरी राबणाऱ्या विठोबाचा हा मुलगा उनाड, तोंडाळ आणि निडर आहे. गावाच्या मते वाया गेलेला. गावाने ज्या स्त्रीला कधी आपले मानले नाही, त्या राधेला तो उघडपणे जवळ करतो आणि तिच्यासह गावासमोर उभा राहतो. बापूचे बंड भाषणातून नव्हे, तर राधेबरोबर संसार करण्याच्या साध्या हट्टातून व्यक्त होते, हे पेंडशांचे खरे कौशल्य म्हणावे लागेल. राधा ही नायकाच्या मागे चालणारी सोशिक स्त्री नाही. अनेक प्रसंगांत तीच दोघांत अधिक शहाणी ठरते. 1980 च्या चित्रपटात बापूची भूमिका काशिनाथ घाणेकर यांनी आणि राधेची आशा काळे यांनी केली. पेंडशांच्याच ‘रथचक्र’ (1962) या कादंबरीच्या नायिकेला नाव नाही. एकत्र कुटुंबाच्या जाचात मुलांना शिकवण्यासाठी झगडणारी ती केवळ ‘ती’ म्हणून वावरते, आणि तरीही वाचकाच्या स्मरणात ती ठाम राहते.

गो. नी. दांडेकरांच्या ‘पडघवली’ (1955) मध्ये मुख्य नाते माणूस आणि गाव यांच्यातले आहे. अंबूवहिनी स्वतः निवेदन करते, त्यामुळे ओस पडत चाललेल्या गावाची हकिगत घरातल्या बाईच्या बोलण्याच्या लयीत उतरली आहे. चिं. त्र्यं. खानोलकर यांची चानी (1970) याच्या अगदी उलट टोकाला आहे: रंगरूपाने वेगळी, म्हणून गावाला नकोशी झालेली मुलगी. व्ही. शांताराम यांनी 1977 मध्ये ही कथा पडद्यावर आणली आणि रंजना यांनी चानी साकारली.

वैराचे विनोदी रूप पाहायचे तर ‘नारबाची वाडी’ (2013) हा चित्रपट घ्यावा. त्याची कथा मुळात बंगाली असली, तरी आदित्य सरपोतदार यांनी ती कोकणात अशी रुजवली आहे, की ती तिथलीच वाटते. वाडी (बागायत) आपल्याला मिळावी म्हणून म्हाताऱ्या नारोबाच्या (दिलीप प्रभावळकर) मरणाकडे डोळे लावून बसलेला खोत आणि मरणाचे नावच न घेणारा नारोबा यांच्यातील संबंधांत हाव जितकी आहे, तितकीच सवयीची जवळीकही आहे. खोतानंतर त्याचा मुलगाही त्याच प्रतीक्षेत अडकतो.

अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ या चित्रपटात खोत नाही आणि भाऊबंदकीही नाही. आईच्या बदलीमुळे किनाऱ्यावरच्या गावात आलेला चिन्मय प्रथमपासून उपरा आहे. वडिलांच्या मृत्यूचे दुःख आई आणि मुलगा दोघेही वेगवेगळे सोसत असतात आणि त्याविषयी एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. वर्गातल्या खोडकर बंड्याशी जुळणारी चिन्मयची मैत्रीही सरळ नाही, तिच्यात रुसवा आणि अविश्वास आहे. इथे गाव कुणालाही वाळीत टाकत नाही. मुलालाच ते आपले वाटायला वेळ लागतो, आणि तोवर आईच्या पुढच्या बदलीची वेळ येते.