वॉकर (आडनाव)

वॉकर हे इंग्लंडमधील एक जुने व्यवसायवाचक आडनाव असून त्याचा मूळ आढळ मुख्यतः यॉर्कशर, लँकाशर आणि त्यांना लागून असलेल्या उत्तर व मध्य इंग्लंडच्या परगण्यांत आहे. आजच्या इंग्रजीवरून त्याचा अर्थ ‘चालणारा’ असा लावला जातो, परंतु या आडनावाचा वाटचालीशी काही संबंध नाही. मागावरून उतरलेले लोकरीचे ओले कापड पायांनी तुडवून घट्ट करणारा कारागीर म्हणजे वॉकर. जुन्या इंग्रजीत ‘वेआल्कन’ या क्रियापदाचा अर्थ लोळवणे, घोळणे, उलटसुलट करणे असा होता व त्यावरून ‘वेआल्केरे’ हे त्या कारागिराचे नाव पडले. पायी चालण्याचा अर्थ या शब्दाला मध्ययुगात, इसवी सन १२०० च्या सुमारास येऊ लागला.

या कामाचे स्वरूप लक्षात घेतल्याशिवाय आडनावाचा प्रसार कळत नाही. कताईपूर्वी लोकरीला तेल किंवा लोणी चोळत असत, त्यामुळे विणून झालेले कापड तेलकट, मळकट आणि जाळीसारखे विरळ असे. ते लाकडी किंवा दगडी डोणीत घालून त्यावर शिळे मूत्र ओतले जाई, कारण मूत्र शिळे झाले की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो तेलकटपणा काढतो. मूत्राच्या जोडीला एक चिकणमाती वापरत. आपल्याकडे मुलतानी माती म्हणून जी ओळखली जाते तिच्याच जातीची ही माती असून इंग्लंडात सरी व बेडफर्डशर परगण्यांत तिचे चांगले साठे होते. या मिश्रणात कारागीर अनवाणी उभे राहून तासन्‌तास कापड तुडवत. लोकरीच्या तंतूंवर सूक्ष्म खवले असतात; ओलावा, ऊब आणि दाब मिळाला की हे खवले एकमेकांत अडकतात, कापड आटते, जाड होते आणि वारा-पाऊस अडवू लागते. दख्खनच्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लावून ताठपणा आणतात. इंग्लंडच्या लोकरी कापडाला दाटपणा केवळ तुडवण्याने येत असे. त्यानंतर कापड स्वच्छ पाण्यात खळबळून, लाकडी चौकटींवर आकड्यांना ताणून उघड्यावर वाळवले जाई. हे काम दुर्गंधीचे व कष्टाचे होते, पण त्यावाचून कापड बाजारात नेता येत नसे. मध्ययुगीन इंग्लंडची संपत्ती प्रामुख्याने लोकर व लोकरी कापड यांवर उभी असल्यामुळे असे कारागीर गावोगाव होते, आणि आडनाव इतके पसरण्याचे खरे कारण हेच आहे.

याच धंद्यावरून इंग्रजीत एक नव्हे, तीन आडनावे रूढ झाली, ही बाब भाषेच्या अभ्यासकांना विशेष मोलाची वाटते. उत्तरेत व पश्चिम मध्य भागात वॉकर, आग्नेय भागात व ईस्ट अँग्लियात फुलर, आणि डेव्हन, सॉमरसेट या नैऋत्येकडील परगण्यांत टकर. फुलर हा शब्द ‘फुल्लो’ या लॅटिन नावापासून आला आहे. हा धंदा करणाऱ्या रोमन कारागिरांच्या डोणी पाँपेईच्या अवशेषांत आजही पाहता येतात. टकर ज्या क्रियापदावरून आले त्याचा जुना अर्थ छळणे, हाल करणे असा होता, आणि कापडाला ज्या रीतीने वागवले जाई ते पाहता तो अर्थ पटण्याजोगा आहे. एक्सेटर शहरात १५ व्या शतकात बांधलेले विणकर व टकर मंडळींचे सभागृह ‘टकर्स हॉल’ या नावाने अजून उभे आहे. या शब्दांच्या सीमा त्या काळच्या लोकांनाही ठाऊक होत्या. १४ व्या शतकाच्या अखेरीस धर्मसुधारक जॉन विक्लिफच्या अनुयायांनी बायबलचे इंग्रजीत भाषांतर केले, तेव्हा मार्कच्या शुभवर्तमानातील शुभ्र वस्त्रांच्या प्रसंगी ‘फुलर किंवा कापडाचा वॉकर’ असे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी ठेवण्यात आले.

पायांनी तुडवण्याची पद्धत मागे पडू लागली होती त्याच काळात हे आडनाव पक्के होत गेले. पाणचक्कीवर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांनी कापड कुटण्याच्या गिरण्या इंग्लंडात १२ व्या शतकात आल्या. टेम्पलर या लढाऊ धर्मपंथाच्या ११८५ च्या मालमत्ता-नोंदीत अशा गिरण्यांचा उल्लेख आहे. पुढच्या शतकात त्या झपाट्याने वाढल्या आणि वेगवान ओढे असलेल्या डोंगराळ उत्तर व पश्चिम भागाकडे कापडधंदा सरकू लागला. ज्यांच्या जमिनीत गिरणी असे ते जमीनदार व मठ रयतेला आपल्याच गिरणीत कापड आणण्याची सक्ती करीत. सेंट ऑल्बन्स येथे तेथील मठाधिपतीविरुद्ध लोकांनी याच कारणावरून १३ व्या शतकात दीर्घ झगडा केला. दोन्ही पद्धती तरीही बराच काळ एकत्र नांदल्या. विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या १४ व्या शतकातील काव्यात, पायांखाली किंवा गिरणीच्या हातोड्यांखाली तुडवले गेल्याशिवाय कापड अंगावर घालण्याजोगे होत नाही, असे म्हटले आहे. उत्तरेत तर गिरणी चालवणाऱ्यालाही वॉकर व गिरणीला ‘वॉक मिल’ म्हणण्याचा प्रघात राहिला. पायांचे काम संपले तरी त्याचे नाव माणसांना चिकटून राहिले, आणि याच गोष्टीमुळे हे आडनाव कापडधंद्याच्या इतिहासाचा एक विश्वसनीय पुरावा ठरते.

आडनाव वंशपरंपरागत होण्याची क्रिया इंग्लंडात १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर सरदारांपासून सुरू झाली आणि सामान्यांमध्ये ती साधारणपणे १४०० पर्यंत बहुतांशी पूर्ण झाली. आरंभीच्या नोंदींत ‘ल वॉकर’ असे उपपदासह रूप येते; तेथे तो शब्द आडनाव नसून प्रत्यक्ष धंदा असतो. उपपद गळाले आणि मुलाने बापाचा धंदा सोडूनही नाव कायम ठेवले, म्हणजे ते आडनाव झाले असे मानतात.

स्कॉटलंडमधील काही वॉकर घराण्यांचे मूळ नाव तेथील गेलिक भाषेत ‘मॅक अन उखकदर’, म्हणजे ‘कापड तुडवणाऱ्याचा मुलगा’, असे होते व त्याचे पुढे इंग्रजीकरण झाले. तेथील हेब्रिडीज बेटांवर स्त्रिया फळीभोवती बसून, ठेक्यात गाणी म्हणत ओले कापड आपटत असत. ही प्रथा २० व्या शतकापर्यंत टिकली. न्यूकॅसलजवळच्या वॉकर या स्थळनावावरूनही क्वचित हे आडनाव पडले असावे. त्या स्थळनावाचा अर्थ रोमन तटबंदीलगतची दलदल असा आहे.

इंग्लंडमधील सर्वांत जास्त आढळणाऱ्या पहिल्या पंचवीस आडनावांत वॉकरची गणना होते. स्थलांतराबरोबर ते ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा व अमेरिकेत पोहोचले. अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेत पाच लाखांहून अधिक लोकांचे हे आडनाव होते आणि त्यांतील सुमारे एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. गुलामगिरीविरुद्ध १८२९ मध्ये जहाल ‘आवाहन’ प्रसिद्ध करणारे डेव्हिड वॉकर आणि सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात मोठे यश मिळवणाऱ्या मॅडम सी. जे. वॉकर ही कृष्णवर्णीय वॉकरांमधील ठळक नावे होत. ‘चालणारा’ हा चुकीचा अर्थ जगभर रुजवण्यात किलमार्नॉकच्या जॉन वॉकर या किराणा व्यापाऱ्याच्या नावाने निघालेल्या व्हिस्कीचा वाटा मोठा आहे, कारण १९०८ पासून तिच्या बाटलीवर झपझप चालणारा टोपीवाला माणूस दिसू लागला. मुंबईत बस कंडक्टरची नोकरी केलेले विनोदी नट बद्रुद्दीन काझी यांनाही चित्रपटातले ‘जॉनी वॉकर’ हे नाव त्या व्हिस्कीवरूनच मिळाले.

मराठी वाचकांना या आडनावाच्या दोन व्यक्ती इतिहासातून परिचित आहेत. बडोद्याचे रेसिडेंट, म्हणजे तेथील दरबारातील इंग्रजांचे प्रतिनिधी, कर्नल अलेक्झांडर वॉकर यांनी १८०७-०८ मध्ये काठेवाडातील संस्थानिकांशी केलेल्या करारांमुळे गायकवाड व पेशवे यांची तेथील मुलूखगिरी संपून खंडणीची रक्कम ठरून गेली. जाडेजा राजपुतांकडून बालिकाहत्या थांबवण्याची लेखी हमीही त्यांनी घेतली. दुसरे गिल्बर्ट वॉकर (१८६८–१९५८). त्यांचा जन्म लँकाशरमधील रॉचडेल या लोकरी कापडासाठीच प्रसिद्ध असलेल्या गावी झाला. १९०४ ते १९२४ या काळात ते भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. मोसमी पावसाचा अंदाज बांधता यावा म्हणून त्यांनी जगभरच्या वायुदाबाच्या नोंदी पडताळल्या आणि त्यातून प्रशांत व हिंदी महासागरांवरील दाबाचा चढउतार, म्हणजे ‘दक्षिणी आंदोलन’, त्यांच्या हाती लागले. हवामानशास्त्रज्ञ याकॉब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये विषुववृत्तीय प्रशांत महासागरावरील पूर्व-पश्चिम वायुप्रवाहाला ‘वॉकर अभिसरण’ असे नाव दिले, आणि एल निनोच्या वर्षी पावसाची चर्चा निघाली की हवामानशास्त्रज्ञांच्या बोलण्यात ते येतेच.