पोल डान्स : घरचा सराव आणि लवचिकता

जमिनीपासून छतापर्यंत उभ्या बसवलेल्या धातूच्या खांबाला हातांनी, मांड्यांनी, गुडघ्याच्या लवणीत, प्रसंगी काखेत किंवा कमरेच्या कडेला धरून गिरक्या घेणे, चढणे, उलटे लटकणे आणि हे सारे नाचात गुंफणे म्हणजे पोल डान्स. रंगमंचावरचे नृत्य, स्पर्धेचा खेळ आणि व्यायाम अशा तिन्ही अंगांनी तो आज शिकला जातो. वर्गात जाऊन शिकणाऱ्यांबरोबरच घरी खांब बसवणारेही पुष्कळ आहेत. या नोंदीत भर घरच्या सरावावर दिला आहे, कारण तिथे चूक वेळीच दाखवणारे कोणी जवळ नसते.

पोल डान्स मल्लखांबातून निघाला असे सर्रास लिहिले जाते. आजच्या पोल डान्सचा थेट वंश मात्र दुसरीकडे जातो. अमेरिकेत १९२० च्या दशकात गावोगाव फिरणाऱ्या जत्रांमध्ये नर्तकी तंबूच्या मधल्या खांबाभोवती नाचत. पुढे तो खांब रात्रीच्या क्लबांमध्ये आला, १९८० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेतल्या क्लबांत रुळला आणि १९९० च्या दशकात व्यायामाच्या वर्गांत पोचला. आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स महासंघ २००९ मध्ये स्थापन झाला, त्याची पहिली जागतिक स्पर्धा २०१२ मध्ये लंडनला झाली आणि २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या शिखर संघटनेने त्याला निरीक्षक दर्जा दिला. या प्रवासात एक अन्यायही झाला. खेळ म्हणून मान मिळवण्याच्या धडपडीत अनेकांनी क्लबमधल्या नर्तकींशी असलेले नाते झटकून टाकले. वास्तविक गिरक्या, चढण्याच्या पद्धती, उंच टाचांच्या बुटांतली चाल हे सगळे त्या बायकांनी रात्रीमागून रात्र काम करता करता घडवले. आजची प्रत्येक नवशिकी मुलगी त्यांचीच विद्या गिरवते, हे नोंदवलेच पाहिजे.

मल्लखांबाची परंपरा स्वतंत्र आहे आणि कितीतरी जुनी. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लास या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख येतो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येला नवे रूप दिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिची पहिली जागतिक स्पर्धा मुंबईत शिवाजी पार्कवर भरली. दोन्ही खांबांवर चढलेल्या माणसाला फरक पहिल्या पकडीतच कळतो. मल्लखांब सागवानी किंवा शिसवी लाकडाचा, खाली जाड आणि वर निमुळता. तो मुठीत मावत नाही, म्हणून त्याला मिठी घालावी लागते, मांड्यांची अढी मारावी लागते, आणि घर्षणाने कातडी सोलवटू नये म्हणून त्याला एरंडेल चोळतात. स्पर्धेचा पोल ४५ मिलिमीटर व्यासाचा आणि ४ मीटर उंच असतो. त्यावर मूठ जवळजवळ मिटते आणि त्याला तेलाचा थेंबही चालत नाही. मल्लखांबाची सवय असलेल्याला पोलवर उलटे होण्याची भीती वाटत नाही. गिरकी घेताना एका हातावर येणारा भार मात्र त्यालाही नव्याने शिकावा लागतो.

घरचा खांब बहुधा दाबाने बसणारा असतो. तो भोक न पाडता जमीन आणि छत यांच्यामध्ये ताणून घट्ट करतात. त्यासाठी वर पक्का काँक्रीटचा स्लॅब किंवा बीम हवा. हल्लीच्या फ्लॅटमध्ये पीओपीचे खोटे छत लावलेले असते. ते हा दाब सोसत नाही. खांब त्यावर टेकवला तर आधी तडा जातो आणि मग खांब सरकतो. स्लॅब कुठे आहे हे नीट पाहून, ओळंबा किंवा पाणसळ लावून खांब काटकोनात उभा करावा, आणि प्रत्येक सरावाआधी हाताने हलवून पाहावा. पंखा, पलंगाचा कोपरा, शोकेसची काच या गोष्टी हातपाय पसरून घेतलेल्या गिरकीच्या वर्तुळाबाहेर राहिल्या पाहिजेत. बहुतेक घरगुती खांब स्थिर आणि फिरता अशा दोन्ही रीतींनी वापरता येतात. नवशिक्याने स्थिर खांबापासून सुरुवात करावी. फिरत्या खांबावर हातपाय आत ओढले की वेग एकदम वाढतो, बाहेर पसरले की कमी होतो, आणि हे अंगवळणी पडेपर्यंत चक्कर येते. खाली खांबाभोवती बसणारी जाड गादी हवी. तिने ढोपरे वाचतात, पण डोक्यावर पडल्यास मान वाचेलच असे नाही, म्हणून गादी आहे या भरवशावर अवघड प्रकार करायला जाऊ नये.

पोलवर शरीर टिकते ते कातडीच्या घर्षणामुळे. तोकडी विजार घालतात त्याचे कारण हेच. कापड घसरते, उघडी मांडी धरते. सरावाच्या दिवशी अंगाला तेल किंवा क्रीम लावू नये, खांब अधूनमधून स्पिरिटने पुसावा, अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवावे, आणि उलटे व्हायचे असेल तर गळ्यातलेही. कोकणपट्टीच्या दमट हवेत तळहाताला घाम सुटून पकड सुटते, तर थंडीत कोरडी कातडी आणि गार धातू यांमुळेही ती सुटते. म्हणून खडूची पूड किंवा हात कोरडे ठेवणारे द्रव वापरतात. आतल्या मांडीवर आणि गुडघ्यामागे काळेनिळे डाग पडतात, तेव्हा घरचे घाबरतात. सुरुवातीच्या आठवड्यांत हे डाग नेहमीचे आहेत आणि कातडी सरावली की कमी होतात. सांध्यात टोचणारी कळ मात्र नेहमीची समजू नये. ती आली की त्या दिवसापुरते थांबावे.

हालचालींची नावे वर्गात इंग्रजीच चालतात आणि ती देशागणिक बदलतात. एकच लटकणे कुठे जेमिनी तर कुठे आउटसाइड लेग हँग म्हणून ओळखले जाते. व्हिडिओ पाहून शिकणाऱ्याने त्यामुळे नावाचा पाठलाग करू नये. कोणता हात वर आहे, कोणत्या पायाची लवण खांबाला अडकली आहे, हे पाहावे. पहिला धडा नुसत्या लटकण्याचा असतो. हात वर धरून लोंबकळले की खांदे कानांकडे ओढले जातात आणि सारा भार सांध्याच्या बंधांवर पडतो. खांद्याची पाती खाली आणि पाठीकडे ओढून धरली की तोच भार पाठीचे स्नायू उचलतात. पुढचे सगळे या एका सवयीवर उभे आहे आणि घरी शिकणारे नेमके हेच वगळतात. दुसरी गोष्ट दोन हातांच्या कामाची. वरचा हात ओढतो, खालचा हात खांबाला ढकलतो, आणि या ओढाताणीतून शरीर खांबापासून दूर राहते. फायरमन स्पिन आणि चेअर स्पिन या सुरुवातीच्या गिरक्यांत हे शिकता येते. त्यानंतर चढणे : एका पायाचे पाऊल आणि नडगी खांबापुढे, दुसऱ्या पायाची पोटरी मागे, आणि जोर हातांपेक्षा पायांचा. मग पोल सिट, म्हणजे मांडीवर मांडी चढवून खांबावर बसणे. हा प्रकार पहिल्यांदा इतका झोंबतो की अनेकजण इथेच सोडून देतात. मांड्या सैल न सोडता घट्ट आवळल्या तर घसरण थांबते आणि झोंबणेही कमी होते.

इन्व्हर्ट, म्हणजे पाय वर करून उलटे होणे, हा या विद्येचा उंबरठा. घरच्या सरावातली सर्वात घातक घाईही इथेच होते. उडी मारून, पाय झटकून कमर वर फेकणे सोपे वाटते, कारण एकदोनदा जमून जाते. पण झटक्याने वर गेलेले शरीर वर गेल्यावर कुठे थांबेल हे ठरवता येत नाही, आणि सगळा हिसका खांद्याला बसतो. कसोटी साधी आहे. गुडघे छातीशी घेऊन कमर हळू वर नेता आली पाहिजे आणि तितक्याच सावकाश खाली आणता आली पाहिजे. खाली येताना शरीर धप्पकन पडत असेल तर ताकद अजून तयार नाही. तोवर पाठीवर निजून गुडघे छातीशी घेत कंबर उचलावी, खांब धरून गुडघे वर घ्यावेत, आणि पहिल्यांदा उलटे होताना जाणत्या माणसाला शेजारी उभे करावे. एकट्याने, दार लावून, नवा उलटा प्रकार करून पाहू नये. शिवाय प्रत्येक प्रकार दोन्ही बाजूंनी करावा. उजव्याच हाताने फिरत राहिले की काही महिन्यांत एक खांदा आणि कमरेची एकच बाजू कामाची उरते.

लवचिकतेबद्दल सर्वाधिक गैरसमज आहेत. पाय पूर्ण फाकले, हनुमानासन जमले, की पोलवर ते आपोआप दिसेल असे वाटते. जमिनीवर शरीराचे वजन पाय फाकवते. हवेत ते काम स्नायूंना करावे लागते. म्हणून जमिनीवर कपाळ गुडघ्याला लावणाऱ्याचे पाय खांबावर अर्धेच उघडतात. ताणाच्या शेवटच्या टोकाला ताकद हवी : उपविष्ट कोणासनात, म्हणजे दोन्ही पाय सरळ बाजूंना फाकवून, बसून हातांचा आधार न घेता टाच जमिनीवरून बोटभर उचलणे, किंवा निजून पाय सरळ वर घेऊन हात न लावता तिथेच धरून ठेवणे, हे कंटाळवाणे पण खरे काम. ताणताना त्याच स्नायूला काही सेकंद आवळून मग सैल सोडले तर पल्ला तात्पुरता वाढतो, हेही उपयोगी.

ताण दिल्याने स्नायू रबरासारखा लांब होतो, ही कल्पना पूर्ण खरी नाही. काही आठवड्यांच्या सरावाने जो पल्ला वाढतो, त्यातला बराचसा भाग मज्जासंस्था तो ताण सोसायला शिकते म्हणून वाढतो. त्यामुळे जबरदस्ती निरुपयोगी ठरते. घाबरलेले शरीर स्नायू आवळून घेते. दहा मिनिटे चालून, जागच्या जागी धावून अंग तापवावे. सरावाआधी हलत्या हालचाली कराव्यात आणि लांबवर धरून ठेवायचे ताण सरावानंतर द्यावेत, कारण आधी एकाच स्नायूला मिनिटापेक्षा अधिक ताणून ठेवले तर त्याचा जोर काही काळ उतरतो. एकेक ताण दहा ते तीस सेकंद धरावा आणि दोनतीनदा करावा. आठवड्यातून दोनतीन दिवस नेमाने केलेला सराव रोजच्या छळापेक्षा जास्त देतो. मांडीच्या मागच्या बाजूला मध्यावर ओढ जाणवली तर ठीक. ती बसण्याच्या हाडापाशी दुखत असेल तर तिथला कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, चिडला आहे आणि ताण कमी केला पाहिजे. पाठीच्या वाकण्यात बहुतेकांची कंबरच तेवढी वाकते. छातीचा मागचा भाग आणि खांदे मोकळे नसतील तर चक्रासनात सारा भार कंबरेच्या मणक्यांवर पडतो, म्हणून आधी खांदे उघडावेत. जांघेच्या सांध्याची ठेवण प्रत्येकाची निराळी असते आणि काहींचे पाय आडवे पूर्ण कधीच फाकणार नाहीत. पोलवर त्यांच्यासाठी दुसरे कितीतरी सुंदर आकार आहेत. उलट ज्यांचे सांधे जन्मतःच अती सैल आहेत, त्यांनी ताणण्यापेक्षा धरून ठेवण्याचे व्यायाम जास्त करावेत.

सरावाच्या शेवटी, हात थकलेले असताना, नवे काही करू नये. गिरक्या संपवून पाय जमिनीवर पूर्ण टेकले, तोल आला, की मगच खांब सोडावा.