चौथी भिंत (व्हिडिओ गेम)

नाट्यसमीक्षेतून व्हिडिओ गेममध्ये आलेली संज्ञा. रंगमंचाच्या तीन बाजू बंद आणि प्रेक्षकांकडची एक उघडी असते. त्या उघड्या बाजूलाही भिंत आहे असे मानून नटाने वावरावे, ही कल्पना फ्रेंच लेखक देनी दिद्रो याने १७५८ मध्ये मांडली. पात्र थेट प्रेक्षकाशी बोलू लागले की चौथी भिंत मोडली असे म्हणतात.

पूर्व विदर्भात ही भिंत फारशी कधी उभीच राहिली नाही. खडी गंमत या लोकनाट्यात शाहीर, नाच्या आणि साथीदार उभ्याने गातात-बोलतात आणि गावकरी त्यांच्याभोवतीच बसतात. धान निघाल्यावर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांतून रात्रभर चालणाऱ्या झाडीपट्टीच्या नाटकांना मंच आहे, पडदा आहे. तरी शिट्टी आणि ‘वन्स मोअर’ची दखल नट घेतोच. त्यामुळे खेळातले पात्र आपल्याशी बोलते याचे इथल्या माणसाला नवल वाटू नये. नवे आहे ते एकटेपण: मांडवात सारे गाव सोबत असते, गेम मात्र रात्री एकट्याला गाठतो.

याचा ठसठशीत नमुना म्हणजे कॅनडाच्या डॅनियल मुलिन्सचा ‘पोनी आयलंड’ (२०१६). वरवर पाहता उड्या मारणाऱ्या घोड्याचा हा बाळबोध खेळ. पण पहिल्याच पडद्यावर सुरू करायचे बटण मोडलेले निघते आणि ते दुरुस्त करणे हेच पहिले कोडे ठरते. हळूहळू कळते, की हे यंत्र सैतानाने बनवले असून त्यात आत्मे अडकले आहेत. कोडी सोडवायची ती यंत्राच्या प्रोग्रामच्या ओळींत शिरून, बाण इकडचे तिकडे करून. एका राक्षसाशी सामना चालू असताना खेळणाऱ्याच्या खऱ्या मित्राच्या नावाने स्टीमवर (गेम विकत घेण्याच्या आणि खेळण्याच्या ऑनलाइन दुकानावर) निरोप आल्याचे दिसते. तो निरोप खोटा असतो. लक्ष विचलित करण्यासाठी गेमनेच तयार केलेला. शेवटी आत अडकलेला एक आत्मा विनवतो, की हा खेळ तुझ्या कॉम्प्युटरवरून कायमचा काढून टाक. माझ्या मते या प्रकारातली ही सर्वांत धीट मागणी आहे, कारण ती पुरी करायला खेळाबाहेर पडावे लागते.

‘वनशॉट’ हा दुसरा महत्त्वाचा खेळ. सूर्य विझलेल्या जगात निको नावाचे लेकरू सूर्य म्हणून एक दिवा हातात घेऊन चालते आणि खेळणाऱ्याला नावाने हाक मारते. हे नाव येते कॉम्प्युटरच्या युजर खात्यावरून. खेळात एक तिजोरी उघडावी लागते, पण तिचा आकडा खेळात सापडत नाही. तो खेळणाऱ्याच्या डॉक्युमेंट फोल्डरमध्ये अवतरलेल्या फाइलीत असतो. २०१४ च्या मूळ आवृत्तीत खेळ मध्येच बंद केला तर निको मरत असे आणि पुन्हा संधी नसे. दिवसातून दोनदा लाईन जाणाऱ्या गावात ही अट फार क्रूर ठरली असती. २०१६ च्या आवृत्तीत ती सैल केली गेली.

नावाने हाक मारण्याची ही युक्ती कॉम्प्युटर एकाच माणसाचा आहे असे गृहीत धरते. तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमधल्या किंवा ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानातल्या मशीनवर खाते ‘अ‍ॅडमिन’ नावाचे असले, तर निको कळवळून ‘अ‍ॅडमिन’लाच हाक मारणार. विंडोजच्या खात्याचे नाव बदलून घेतले, तर खेळाची सारी माया परत येते. असा खेळ लावून देणाऱ्याने एवढे आधी करावे.

मुलिन्सच्याच ‘इन्स्क्रिप्शन’ (२०२१) या पत्त्यांच्या खेळात एका लढतीत खेळणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरची खरी फाइल पणाला लावावी लागते, फाइल जितकी मोठी तितके पत्त्याचे बळ जास्त.

मोबाइलवर असे प्रयोग अवघड जातात. तिथे प्रत्येक अ‍ॅप आपापल्या कुंपणात असते आणि दुसऱ्याच्या फाइलींना परवानगीशिवाय हात लावू शकत नाही. टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांवरही हीच अडचण. म्हणून २०२२ मध्ये त्या यंत्रांसाठी ‘वनशॉट’ आला तेव्हा निर्मात्यांनी खेळाच्या आतच एक नकली डेस्कटॉप मांडला: त्यात फोल्डर, फाइली, वॉलपेपर असे सगळे आहे, आणि निकोसाठीचा तिजोरीचा आकडा आता तिथेच शोधायचा.