पंपाचं तेल गाळताना

एसी दुरुस्तीच्या कामात वापरतात त्या व्हॅक्यूम पंपाचं तेल पांढुरकं झालं, की ते फडक्यातून गाळून परत भरणारे पुष्कळ असतात. गाळलेलं तेल स्वच्छ दिसलं म्हणजे ते नव्यासारखं झालं, असं ते धरून चालतात. घरगुती गाळणी उपयोगाची आहेच, पण ती काय अडवते आणि काय सोडून देते, हे आधी पाहायला हवं.

या पंपातलं तेल वंगण तर असतंच, शिवाय पाती आणि भिंत यांच्यातली फट तेच बुजवतं. त्यात झिजलेल्या धातूचे कण उतरतात. ओढलेल्या हवेतली वाफ दाबली गेली की तिचं पाणी होतं आणि त्या बारीक थेंबांनी तेल पांढुरकं दिसतं.

म्हणून गाळण्याआधी तेल निवळत ठेवावं. इथे 1851 चा स्टोक्सचा नियम कामाला येतो आणि तो मला फार आवडतो. कण तळाशी जाण्याचा वेग त्याच्या त्रिज्येच्या वर्गावर आणि कण व तेल यांच्या घनतेतल्या फरकावर ठरतो. तेलाची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध, वाढली की तो त्याच प्रमाणात घटतो. खोलीच्या तापमानाला पंपाच्या तेलाची विष्यंदिता 0.2 पास्कल-सेकंद धरली, तर 10 मायक्रॉन (मिलिमीटरचा शंभरावा भाग) व्यासाचा लोखंडाचा कण तासाला सुमारे 7 मिमी खाली जातो. तेवढाच पाण्याचा थेंब दिवसभरात जेमतेम 3 मिमी, कारण पाणी तेलापेक्षा थोडंसंच जड. थेंब 1 मायक्रॉनचा असेल तर वेग आणखी शंभरपट कमी! तेच तेल 70 अंशांवर ठेवलं तर विष्यंदिता आठेक पटीनं उतरते आणि थेंब दिवसाला दोन सेंटिमीटरपर्यंत जातो.

असं गरम तेल गाळणीतूनही तितक्याच पटीनं लवकर उतरतं. स्टीलच्या नरसाळ्यात खाली फिल्टर पेपर आणि वर फेल्टचा जाड थर बसवा. फेल्ट महत्त्वाचं, कारण कण त्याच्या जाडीत ठिकठिकाणी अडकतात आणि कागद लगेच तुंबत नाही. 10 सेंटिमीटर तेलाच्या वजनानं पडणारा दाब हवेच्या दाबाच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो. त्यामुळे गाळणीखालच्या जाड भांड्यात निर्वात केलं, तर काम झपाट्यानं होतं. भांडं काचेचं असेल तर ते निर्वातासाठीच बनवलेलं हवं.

विरघळलेलं पाणी मात्र कागदातून सरळ पार होतं. त्यासाठी तेल विजेच्या शेगडीवर हळूहळू 110 अंशांपर्यंत तापवावं. उघड्या ज्योतीवर कधीच नको. तेल ‘नवं’ करणाऱ्या चुंबकांच्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. चुंबक लोखंडाची भुकटी धरतं, पाणी आणि आम्ल नाही. जळालेल्या कॉम्प्रेसरच्या गॅसनं आम्लधर्मी झालेलं तेल तर गाळायचंच नाही, अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यायचं.

गाळलेलं तेल भरल्यावर पंपाचं तोंड बंद करून निर्वात मोजणारं गेज लावा. नव्या तेलावर पंप जिथवर पोचत होता तिथवर तो गरम झाल्यावरही पोचला नाही, तर ते तेल काढून टाका.