बटण फोनवर, पंप जिन्याखाली

ठाण्याच्या नौपाड्यातील आमची चार मजली इमारत जुनी आहे आणि तिची पाण्याची व्यवस्थाही जुन्या इमारतींसारखीच आहे. महापालिकेचे पाणी ठरलेल्या वेळी जमिनीखालच्या टाकीत येते, जिन्याखालच्या खोलीतला दोन अश्वशक्तीचा पंप ते गच्चीवर चढवतो, आणि पंप वेळेवर चालू-बंद करणे हे कित्येक वर्षे वॉचमनचे काम होते. पुढे आम्ही त्या पंपाला मोबाइलवरून हुकूम घेणारा रिले बसवून घेतला. पहिल्याच पावसाळ्यात एका रात्री फोनच्या पडद्यावर ‘पंप बंद’ अशी अक्षरे दिसत होती आणि गच्चीवरून ओसंडलेले पाणी जिन्याच्या पायऱ्यांवरून खाली येत होते. वॉचमनने खोलीत जाऊन एमसीबी खाली पाडला तेव्हा कुठे पंप थांबला. सकाळी पेटी उघडून पाहिली, तर रिलेच्या आतले, सर्किट जोडणारे धातूचे दोन ठिपके वितळून एकमेकांना चिकटलेले होते. फोनवरून हुकूम निघाला होता, तो पोहोचला होता, रिलेच्या कॉईलमधला, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातला, प्रवाहही थांबला होता. थांबला नव्हता तो फक्त पंप.

त्या रात्रीपासून मला असे वाटत आले आहे की दुरून वीज चालू-बंद करण्याच्या विषयात हुकूम पोहोचवणे हा सोपा भाग आहे. हुकुमाप्रमाणे खरोखर घडले का, आणि हुकूम पोहोचलाच नाही तर काय घडावे, हे ठरवणे कठीण आहे, आणि ते समजून घेण्यासाठी आधी रिलेच्या आत डोकावावे लागते.

रिले म्हणजे विजेने हलणारा स्विच. अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास ही युक्ती वापरली: दूरच्या बॅटरीचा क्षीण प्रवाह एका विद्युतचुंबकाला जेमतेम जागा करतो, तो चुंबक लोखंडाची पट्टी ओढतो आणि ती पट्टी जवळच्या जोरकस बॅटरीचे सर्किट पुरे करते किंवा तोडते. तारायंत्राच्या काळात या युक्तीला मोल आले, कारण मैलोन्‌मैल तारेतून आलेला संदेश वाटेत मंदावत असे आणि रिले त्याला ताज्या बॅटरीच्या बळावर पुढे पाठवत असे. टप्प्यावर थकलेला घोडा बदलून डाक पुढे न्यावी तसेच हे काम, आणि रिले हे नावही त्या घोडे बदलण्याच्या पद्धतीवरूनच आले आहे.

आज लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत मिळणारा काडेपेटीहून लहान, निळ्या रंगाचा रिले हेच काम करतो. त्याच्या कॉईलला ५ व्होल्टवर सुमारे ७० मिलिअँपिअर प्रवाह लागतो, म्हणजे एक तृतीयांश वॉटच्या थोडी वर शक्ती, आणि तेवढ्यावर तो २५० व्होल्टपर्यंत १० अँपिअर वाहणारे सर्किट जोडू शकतो. घरातल्या २३० व्होल्टवर हिशेब केला तर २३०० वॉट होतात, म्हणजे कॉईलला दिलेल्या शक्तीच्या सहा हजारपटींहून अधिक. शिवाय कॉईल आणि ठिपके यांच्यामध्ये कोणताही विद्युत जोड नसतो. एका बाजूला बोट लावता येईल असे ५ व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला जीवघेणे २३० व्होल्ट, आणि दोघांमध्ये केवळ चुंबकत्वाचा दुवा. मला रिलेचा हा गुण सर्वांत मोलाचा वाटतो.

ठिपक्यांवर लिहिलेले ‘१० अँपिअर’ मात्र नीट वाचावे लागते. तो आकडा गिझर किंवा इस्त्रीसारख्या केवळ तापणाऱ्या उपकरणांसाठी असतो. मोटर सुरू होताना, तिचा फिरणारा भाग अजून स्थिर असताना, ती नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. आमचा पंप चालताना दहा अँपिअरच्या आसपास घेत होता, म्हणजे सुरू होण्याच्या क्षणी पन्नासहून अधिक. त्यातच रिलेचे ठिपके मिटताना एकदाच मिटत नाहीत; पट्टी स्प्रिंगसारखी असल्याने ते काही मिलिसेकंद एकमेकांवर आपटून उडत राहतात, आणि प्रत्येक उडीत ठिणगी पडते. ठिणगीने वितळलेला धातू पुढच्याच क्षणी दाबला जाऊन गोठला की सूक्ष्म वेल्डिंग होते. बहुतेक वेळा स्प्रिंग ते तोडून टाकते. एखाद्या रात्री तिची ताकद कमी पडते. एलईडी दिव्यांच्या बाबतीतही लोक फसतात: दिवा २० वॉटचा असला तरी त्याच्या आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) रिकामा असताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतो, आणि असे दहा-पंधरा दिवे एका रिलेवर टाकले की वॉटांचा हिशेब बरोबर असूनही ठिपके चिकटतात.

उघडताना वेगळी अडचण येते. मोटरच्या गुंडाळीतून वाहणारा प्रवाह एकाएकी थांबायला तयार नसतो, आणि ठिपके दूर होत असताना तो हवेतून कमान करून वाहत राहतो. आपली वीज ५० हर्ट्‌झची असल्याने तिचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि त्या शून्यापाशी ही कमान सहसा विझते. बॅटरीच्या किंवा सौर पॅनेलच्या एकदिश प्रवाहाला असा शून्यच नसतो, म्हणूनच जो रिले २५० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाला चालतो त्याच रिलेवर एकदिश प्रवाहासाठी केवळ ३० व्होल्ट असे छापलेले असते. गच्चीवरच्या सौर संचाचा एकदिश भाग अशा रिलेने तोडण्याचा प्रयत्न कोणीही करू नये; न विझणारी कमान पेटी जाळू शकते.

पंपासाठी योग्य रचना वायरमन मंडळींना चांगली ठाऊक असते: लहान रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे जड भार पेलणाऱ्या मोठ्या रिलेची, कॉईल चालू करायची आणि मोटरचा भार मोटरसाठीच बनवलेल्या कॉन्टॅक्टरने उचलायचा, सोबत मोटर अडकली तर तिला तोडणारा ओव्हरलोड रिले ठेवायचा. म्हणजे पुन्हा हेन्रींचीच टप्प्याची युक्ती, एक पायरी वाढवून. आमच्याकडे बसवणाऱ्याने ही पायरी गाळली होती आणि आम्ही पैसे वाचले म्हणून समाधान मानले होते. कॉन्टॅक्टरच्या कॉईललाही बंद होताना उलट झटका देण्याची सवय असते, म्हणून तिच्यावर रोध व कपॅसिटरची जोडी लावतात. लहान रिलेच्या ५ व्होल्टच्या कॉईलवर त्याच कामासाठी एक उलटा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) पुरतो.

आता हुकुमाच्या वाटेकडे वळू. सर्वांत स्वस्त वाट म्हणजे ४३३ मेगाहर्ट्‌झचा किल्लीच्या साखळीत मावणारा रिमोट. त्याच्या लहरीची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर असते, म्हणून संकेत झेलणाऱ्या रिसीव्हरच्या सर्किट-पाटीवर सुमारे १७ सेंटिमीटरची, म्हणजे पाव लहरीची, तार अँटेना म्हणून लावली की पल्ला लक्षणीय वाढतो. हा रिमोट लहर तुकड्यातुकड्यांनी पाठवून आकडा सांगतो, आणि तोच आकडा अनेकदा सांगतो, कारण पलीकडून ‘ऐकले’ असे उत्तर येण्याची सोयच त्यात नाही. नेहमीच्या स्वस्त चिपमध्ये ओळखीचा आकडा २० बिटांचा असतो, म्हणजे १०,४८,५७६ शक्यता. संख्या मोठी दिसते, पण आकडा दर वेळी तोच असल्याने कोणीही तो एकदा टिपून पुन्हा पाठवू शकतो. बागेतल्या दिव्याला हे चालेल. फाटकाला दर दाबणीला बदलत जाणारा संकेत पाठवणारा रिमोटच हवा.

वाय-फायची वाट दुहेरी असते, उत्तर परत येऊ शकते, आणि ईएसपी८२६६ सारख्या लहानशा चिपमुळे ती स्वस्तही झाली आहे. ही चिप ३.३ व्होल्टवर चालते आणि तिची पिन रिलेच्या कॉईलला लागणारा प्रवाह देऊ शकत नाही, म्हणून मध्ये एक ट्रान्झिस्टर असतो. अडचण भिंतींची आहे. वाय-फायची लहर साडेबारा सेंटिमीटरची. लोखंडी सळ्यांच्या जाळीचा स्लॅब आणि पाण्याने भरलेली टाकी यांच्यापुढे ती फार टिकत नाही, आणि पंपाची खोली नेमकी त्यांच्याच आड असते. घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघरच्या उंच इमारतींत, जेथे पंप तळघराच्या दुसऱ्या पातळीवर असतात, तेथे ही अडचण आणखी वाढते. जेथे तार नेता येते तेथे तारच न्यावी असे माझे मत आहे. आरएस-४८५ पद्धतीची पिळाची जोडतार कमी वेगात सुमारे १२०० मीटरपर्यंत संदेश बिनचूक नेते, आणि तिच्यावर बोलली जाणारी मॉडबस ही भाषा १९७९ पासून कारखान्यांत वापरात आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या औद्योगिक पट्ट्यात नियंत्रणाच्या कपाटांवर काम केलेल्या कोणालाही ती परकी वाटणार नाही.

पुण्याला गेलेल्या माणसाने नौपाड्यातला पंप चालू करायचा असेल तर हुकूम इंटरनेटवरून यावा लागतो. घरचा राउटर बाहेरून आलेल्या अनोळखी जोडणीला आत घेत नाही, आणि तो घेत नाही हेच बरे आहे. म्हणून रिलेची पाटीच आतून बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क साधते आणि ती जोडणी उघडी ठेवून हुकुमाची वाट पाहते. या कामासाठी सर्रास वापरली जाणारी एमक्यूटीटी ही पद्धत १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी उपग्रहामार्फत तेलवाहिन्यांवर नजर ठेवण्यासाठी तयार केली होती. तुटणारी, महागडी, संथ जोडणी गृहीत धरूनच ती घडली. तिच्यात एक सुंदर सोय आहे: पाटी जोडली जातानाच सर्व्हरकडे आपला अखेरचा निरोप ठेवते, आणि ती काही न सांगता गायब झाली तर सर्व्हर तो निरोप सर्वांना कळवतो. फोनवर ‘पंप बंद’ ऐवजी ‘पंपाशी संपर्क नाही’ असे प्रामाणिक वाक्य दिसते ते यामुळे.

याच पद्धतीत दोन खड्डेही आहेत. पहिला असा की खात्रीने पोहोचवण्याच्या प्रयत्नात एकच संदेश दोनदा पोहोचू शकतो. हुकूम ‘चालू कर’ असा असेल तर दोनदा ऐकल्याने बिघडत नाही. पण ‘आहे त्याच्या उलट कर’ असा असेल तर दुसऱ्यांदा ऐकताच पंप पुन्हा पूर्वीच्या स्थितीत जातो. एकच बटण दाबून चालू-बंद करणाऱ्या रचना म्हणूनच दुरून वापरायला वाईट. दुसरा खड्डा अधिक धोक्याचा आहे. सर्व्हरला शेवटचा संदेश जपून ठेवायला सांगता येते आणि नव्याने जोडल्या जाणाऱ्या प्रत्येकाला तो मिळतो. स्थिती कळवणाऱ्या संदेशासाठी हे उपयुक्त आहे, पण कोणी ‘चालू कर’ हा हुकूमच असा जपून ठेवला, तर मध्यरात्री वीज जाऊन परत आल्यावर पाटी पुन्हा जोडली जाते, दुपारचा शिळा हुकूम तिच्या हाती पडतो आणि पंप सुरू होतो.

संपर्क तुटला तर काय व्हावे, या प्रश्नाचे उत्तर आमच्या इमारतीपासून दहा मिनिटांच्या अंतरावर, ठाणे स्थानकाच्या रुळांवर आहे. बोरीबंदरहून ठाण्याला १६ एप्रिल १८५३ रोजी गाडी आली, आणि त्यानंतर जेमतेम दोन दशकांनी, १८७२ मध्ये, अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन यांनी ट्रॅक सर्किटचे पेटंट घेतले. त्यात रुळांच्या एका टोकाला बॅटरी आणि दुसऱ्या टोकाला रिले असतो. रूळ मोकळा असताना प्रवाह रिलेला उचलून धरतो. गाडी आली की तिची चाके दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह रिलेपर्यंत पोहोचत नाही, पट्टी खाली पडते आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली, बॅटरी संपली, रूळ भंगला, तरीही पट्टी पडते आणि सिग्नल लालच होतो. रिले उचललेला असणे म्हणजे सुरक्षिततेची दर क्षणी मिळणारी ग्वाही; ग्वाही थांबली की गाडी थांबते.

आम्ही पंपाची नवी रचना याच विचाराने केली. फोन आता ‘चालू कर’ एवढेच म्हणत नाही, ‘दहा मिनिटे चालू कर’ असे म्हणतो, आणि टाकी भरेपर्यंत ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली जाते. जोडणी तुटली, सर्व्हर बंद पडला, फोनची बॅटरी संपली, तर जास्तीत जास्त दहा मिनिटांत पंप आपोआप थांबतो. रिलेचे, कॉईलला वीज नसताना उघडे राहणारे ठिपके वापरले आहेत, म्हणजे पाटीच मेली तरी पंप बंद राहतो. (औषधांच्या शीतकपाटाला हाच नियम उलटा लावावा लागेल, कारण तेथे बंद राहणेच घातक असते.) गच्चीवरच्या टाकीत कमी व्होल्टेजवर चालणारा फ्लोट, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणारा स्विच, बसवला असून तो कॉन्टॅक्टरच्या कॉईलचे सर्किट थेट तोडतो; त्याला ना इंटरनेट लागते ना प्रोग्राम, आणि फोनने काहीही सांगितले तरी भरलेल्या टाकीपाशी शब्द त्याचाच चालतो. पाटीची पिन निवडतानाही काळजी घेतली, कारण या चिपच्या काही पिना वीज येताच, प्रोग्राम सुरू होण्याआधी, क्षणभर स्वतःहून जाग्या होतात आणि रिलेचा खटका वाजवतात.

पंपाच्या फेज तारेभोवती प्रवाह मोजणारी एक कडी अडकवली आहे. फोनवर आता दिसते ते त्या कडीने मोजलेले, पाठवलेल्या हुकुमाची नक्कल नव्हे. बंदचा हुकूम गेल्यावरही प्रवाह वाहत राहिला तर ठिपके चिकटले असा अर्थ घेऊन वॉचमनच्या खोलीत भोंगा वाजतो. चालूच्या हुकुमानंतर प्रवाह नेहमीपेक्षा कमी भरला तर पंप कोरडा फिरत असण्याची शक्यता धरून तो थांबवला जातो. पाटीचा मूळ पासवर्ड बदलणे हे तर पहिल्याच दिवशी केले, कारण २०१६ मधल्या मिराय या घुसखोर प्रोग्रामने कारखान्याचे पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि राउटर जगभरातून आपल्या ताब्यात घेतले होते.

एक धोका यातल्या कोणत्याही युक्तीने जात नाही. दुरून चालू होणाऱ्या पंपाच्या शाफ्टवर कोणाचा हात असेल हे फोनला दिसत नाही, आणि बंद असलेला रिले म्हणजे वीज तोडलेली तार नव्हे. सिंगल फेज सर्किटात एक तार जोडलेलीच राहते, आणि ठिपक्यांमधले अंतर मिलिमीटरच्या अंशातले असते. म्हणून पंपाच्या पेटीत आता दोन्ही तारा तोडणारा आयसोलेटर आणि ‘हाताने – बंद – आपोआप’ असा तीन जागांचा स्विच बसवला आहे. पंपाच्या शाफ्टपाशी पाणी गळू न देणारी ग्रंथी (ग्लँड) बदलायला माणूस आला की आयसोलेटर खाली पाडून त्याच्या दांड्याला कुलूप घातले जाते, आणि काम संपेपर्यंत किल्ली त्याच माणसाच्या खिशात राहते.