झिप उघडली, पण फोल्डर उघडेना

झिप फाइल एक्स्ट्रॅक्ट केली, फोल्डर तयार झाला. त्यावर डबल क्लिक केले, तर विंडोज म्हणते की असा फोल्डर जागेवर नाहीच. तो रिनेम होत नाही, डिलीट होत नाही, यादीत मात्र दिसत राहतो. अशा वेळी डिस्क खराब झाली असे वाटते आणि काही जण थेट फॉरमॅटपर्यंत जातात. कृपया तसे करू नका. डिस्क बहुतेक वेळा ठणठणीत असते. गोंधळ असतो तो फक्त नावात, आणि नाव नेमके कुठे बिघडले हे कळले की इलाज बहुधा एका ओळीचा असतो.

झिप हा साचा फिल काट्झ यांनी १९८९ मध्ये आणला. त्यात प्रत्येक फाइलसोबत तिचे पूर्ण नाव साठवलेले असते, म्हणजे ‘प्रकल्प/नकाशे/जुने.पीडीएफ’ अशी एक सलग ओळ. फोल्डरची नोंद असली तर तीही तशीच ओळ, फक्त शेवटी तिरकी रेघ. झिप उघडणारा प्रोग्रॅम ही ओळ वाचतो आणि ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, ‘या नावाचा फोल्डर बनव.’ झिप बनवणाऱ्या संगणकाचे नावांचे नियम वेगळे आणि उघडणाऱ्याचे वेगळे असले की अडचण सुरू होते. (पुढचे आदेश उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. टाइप करताना रोमन अक्षरे आणि इंग्रजी आकडे वापरावेत.)

सगळ्यात छळणारा प्रकार म्हणजे नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा किंवा टिंब. लिनक्स आणि मॅकवर ‘अहवाल’ या शब्दानंतर चुकून स्पेस पडली तरी ते वैध नाव असते. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमलाही त्याचे वावडे नाही. पण एक्सप्लोररसारखे (फोल्डर दाखवणारी विंडोजची नेहमीची खिडकी) प्रोग्रॅम आणि डिस्क यांच्यामध्ये विंडोजचा एक थर असतो. तो प्रत्येक नावाच्या शेवटची स्पेस आणि टिंबे छाटून मगच नाव पुढे पाठवतो. काही अनझिप प्रोग्रॅम लांब नावे हाताळता यावीत म्हणून या थराला वळसा घालतात आणि स्पेससकट फोल्डर बनवतात. नंतर एक्सप्लोररमधून क्लिक केले की नाव छाटले जाते, आणि छाटलेल्या नावाचा फोल्डर डिस्कवर नसतोच. म्हणून तो ‘सापडत नाही’.

इथे एक खरा धोका आहे. त्याच जागी ‘अहवाल’ आणि स्पेसवाला ‘अहवाल ’ असे दोन्ही फोल्डर असतील, तर दुसऱ्यावर क्लिक केल्यावर पहिला उघडतो, आणि दुसरा डिलीट करायला गेल्यास पहिलाच जाऊ शकतो. म्हणून आधी जुळा फोल्डर आहे का ते पाहावे. सारखे दिसणारे दोन फोल्डर असतील तर एक्सप्लोररमधून काहीही डिलीट करू नये.

आतल्या फाइली हव्या असतील तर सेव्हन-झिप या मोफत अनझिप प्रोग्रॅमचा फाइल मॅनेजर उघडावा, त्यात तो फोल्डर निवडून एफ२ दाबावे आणि साधे नाव द्यावे. दुसरा मार्ग म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये (आदेश टाइप करण्याच्या विंडोजच्या खिडकीत) ‘डीआयआर /एक्स’ हा आदेश. त्यात लांब नावाशेजारी लहान नाव दिसते, मूळ भागात फार तर ८ अक्षरे असलेले आणि बहुधा नागमोडी चिन्ह व आकडा लावलेले. त्या लहान नावाने फोल्डर रिनेम करता येतो. काही ड्राइव्हवर लहान नावे बनवणे बंद केलेले असते, तिथे हा स्तंभ रिकामा दिसेल.

फोल्डर नकोच असेल तर आदेश असा: आरडी /एस "\\?\डी:\काम\अहवाल ". सुरुवातीची \\?\ ही चार चिन्हे विंडोजला सांगतात की पुढचे नाव जसेच्या तसे घ्या, छाटू नका. म्हणून पूर्ण पत्ता ड्राइव्हपासून द्यावा लागतो, आणि स्पेस अवतरणचिन्हाच्या आत असावी लागते. हा आदेश रिसायकल बिनमध्ये काहीही ठेवत नाही.

हाच आदेश राखीव नावांवरही चालतो. सीओएन, पीआरएन, एयूएक्स, एनयूएल, तसेच सीओएम१ ते ९ आणि एलपीटी१ ते ९ ही नावे विंडोज फोल्डरला देऊ देत नाही. १९८१ मध्ये आलेल्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच, ते १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत आले. तोवर प्रिंटर, कीबोर्ड यांना अशी नावे दिलेली होती आणि जुने प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून ती प्रत्येक फोल्डरमध्ये ‘असल्यासारखी’ ठेवली गेली. लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मूळ संहितेत एयूएक्स.सी नावाची फाइल आहे. तो संच विंडोजवर उघडताना अडतो तो याच कारणाने.

लांबीचा त्रास वेगळा. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० अक्षरांची आहे, आणि फोल्डर बनवताना ती २४८ वर येते, कारण आत ८ अधिक ३ अशा नावाच्या फाइलला जागा राखलेली असते. झिपचे नाव लांब, आत त्याच नावाचा फोल्डर, आणि एक्स्ट्रॅक्ट करताना पुन्हा त्याच नावाचा फोल्डर, असे झाले की मर्यादा चटकन संपते. झिप ड्राइव्हच्या मुळाशी एका अक्षराच्या फोल्डरमध्ये उघडली तर बहुतेक वेळा काम होते. विंडोज १० मध्ये २०१६ पासून ही मर्यादा उठवण्याची सोय आहे, पण प्रोग्रॅमनेही ती मान्य करावी लागते, त्यामुळे तिच्यावर विसंबू नये. खोलवर अडकलेला फोल्डर काढण्यासाठी एक रिकामा फोल्डर बनवावा आणि रोबोकॉपी डी:\रिकामा डी:\नकोसा /एमआयआर असा आदेश द्यावा. दुसऱ्या पत्त्यावरचे सगळे पुसले जाते, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी तो दोनदा वाचावा.

लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर एका नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, अक्षरे नव्हे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये (सर्व लिप्या बाइटमध्ये लिहिण्याच्या आजच्या पद्धतीत) ३ बाइट घेते, म्हणजे चिन्हे फक्त ८५. त्यात ‘क्षि’ हे आपल्याला एक अक्षर वाटते, पण त्यात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी ४ चिन्हे, म्हणजे १२ बाइट असतात. विंडोजवर मजेत नांदणारे लांबलचक मराठी नाव लिनक्सवर उघडताना ‘नाव फार मोठे’ अशी तक्रार येते, ती यामुळे.

आता मराठी नावांचा जुना शत्रू. झिपच्या मूळ नियमात नावे कोडपेज ४३७ मध्ये, म्हणजे कोणता बाइट कोणते अक्षर हे सांगणाऱ्या एका जुन्या तक्त्यानुसार, धरली जात. नाव यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगण्यासाठी नंतर एका खुणेची सोय झाली. झिप बनवणाऱ्याने नाव यूटीएफ-८ मध्ये लिहिले पण खूण केली नाही, की उघडणारा प्रत्येक बाइट स्वतंत्र अक्षर समजतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ई०-ए४ किंवा ई०-ए५ या दोन बाइटनी सुरू होते. कोडपेज ४३७ मध्ये ई० म्हणजे ग्रीक अल्फा आणि ए४, ए५ म्हणजे डोक्यावर लाट असलेला लहान किंवा मोठा एन. त्यामुळे फोल्डरच्या नावात दर तीन अक्षरांमागे अल्फा आणि लाटेचा एन दिसला, तर मूळ नाव देवनागरी होते हे खुशाल ओळखावे.

असे फोल्डर एकेक करून रिनेम करत बसू नये. झिप जपून ठेवावी, चुकीचा फोल्डर काढून टाकावा आणि योग्य कोडपेज सांगून पुन्हा उघडावी. सेव्हन-झिपच्या कमांड लाइन आवृत्तीत -एमसीपी=६५००१ हा पर्याय जोडला की नावे यूटीएफ-८ समजून वाचली जातात. लिनक्सवर अनआर हा प्रोग्रॅम लिपी बहुधा स्वतःच ओळखतो. नावात नुसती प्रश्नचिन्हे किंवा अधोरेषा उरल्या असतील तर मूळ बाइट पुसले गेले आहेत, त्या नावातून काही परत मिळणार नाही. तेव्हा मूळ झिपच कामाची.

दिसायला अगदी एकसारखे दोन फोल्डर शेजारी शेजारी उभे राहिले तर ‘ऱ’वर संशय घ्यावा. ‘दुसऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा र आणि खालचा नुक्ता अशी दोन चिन्हे म्हणून. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टिम नावे सुटी करून साठवत असे, विंडोज आणि लिनक्स जसे मिळाले तसे ठेवतात. मॅकवरच्या झिपमधला ‘दुसऱ्या फेरीची छायाचित्रे’ आणि विंडोजवर टाइप केलेला तोच फोल्डर बाइट पातळीवर म्हणूनच भिन्न ठरतात. आतला मजकूर एकात हलवून दुसरा काढावा.

मॅकमधून आणखी एक पाहुणा येतो. फाइंडरमध्ये नावात तिरकी रेघ देता येते, पण डिस्कवर तिच्या जागी अपूर्णविराम साठवला जातो. विंडोजवर अपूर्णविराम निषिद्ध आहे. चांगला प्रोग्रॅम त्याऐवजी अधोरेषा घालतो. हलगर्जी प्रोग्रॅमने तो तसाच पुढे पाठवला तर एनटीएफएसमध्ये त्याचा अर्थ ‘फाइलला जोडलेला लपलेला प्रवाह’ असा होतो, आणि तुम्हाला शून्य बाइटची फाइल दिसते. दोन अधोरेषांनंतर मॅकओएसएक्स असे नाव असलेला फोल्डर मात्र निरुपद्रवी आहे. मॅकबाहेर तो सरळ डिलीट करावा.

लिनक्सवर नाव वजा चिन्हाने सुरू झाले की आदेश त्याला पर्याय समजतो. नावाआधी ./ लावले की प्रश्न मिटतो. नावात न दिसणारी चिन्हे असतील तर एलएस -आय ने आयनोड क्रमांक (फाइल सिस्टिमने फोल्डरला दिलेला आकडा) पाहावा आणि फाइंड या आदेशाला तो क्रमांक देऊन फोल्डरचे नाव बदलावे, म्हणजे नाव टाइप करण्याची वेळच येत नाही.

अनोळखी ठिकाणाहून आलेली झिप उघडण्यापूर्वी आतली यादी पाहण्यास अर्धा मिनिटही लागत नाही: अनझिप -एल, विंडोज व मॅकवर टार -टीएफ, किंवा सेव्हन-झिपमध्ये नुसती उघडून. नावांमध्ये ../ दिसले तर ती फाइल तुम्ही निवडलेल्या फोल्डरबाहेर, वरच्या पातळीवर लिहिली जाण्याचा प्रयत्न होणार आहे. चांगले प्रोग्रॅम हे अडवतात. पण प्रामाणिक झिपमध्ये अशा नावाला काही कारणच नसते, म्हणून ती उघडू नये.